रोकडोबाचं देणं

लढाईची वर्षं होती. साखर आणि रॉकेल कार्डावर मिळायचं, कागद तर मिळतच नव्हता. अशा दिवसांत आमच्या घरी पांढऱ्याशुभ्र कोऱ्या कागदांची एक पेटी आली आणि तिच्या मागून आमचे भावजी आले.

भावजी म्हणजे मालकांचे मामेभाऊ, माझ्या सासूबाईंच्या धाकट्या भावाचा मुलगा. जन्म मुंबईचा, शिक्षण मुंबईचं, वर विलायतेत दोन वर्षं. अर्थशास्त्राचे मोठे विद्वान. पारनेर तालुक्यातलं आमचं गाव त्यांनी याआधी एकदाच पाहिलं होतं, तेही मुंजीच्या वयात, आणि त्या वेळी ते इथल्या पाण्यानं आजारी पडले होते, असं ते पहिल्याच दिवशी पाण्याचा तांब्या हातात घेऊन सांगायला लागले.

ते संशोधनाला आले होते. विषय असा, की दिल्लीच्या सरकारनं इलाख्यांना, इलाख्याच्या सरकारनं जिल्ह्याला आणि जिल्ह्यानं गावाला जो पैसा दिला तो कुठं गेला, आणि वरच्यानं खालच्याचं कर्ज माफ करावं की करू नये. हे मी आज एका वाक्यात लिहिते आहे. त्यांना सांगायला रोज दोन तास लागत.

पहिल्याच संध्याकाळी त्यांनी हे मालकांना ताटावर समजावून दिलं. "हे मीठ म्हणजे दिल्ली. ही चटणी मुंबई. हे पिठलं म्हणजे जिल्हा." मग बोटानं ताटाच्या कडेला चिकटलेलं एक शीत दाखवून म्हणाले, "आणि हे तुमचं गाव." मालक हात वाळेपर्यंत माना हलवत राहिले. भावजींनी दिल्ली, मुंबई आणि जिल्हा भाकरीबरोबर संपवला. शीत तिथंच राहिलं. ताट मी घासलं, म्हणून मला माहीत.

"लई शिकलाय माजा भाचा," आत्याबाई म्हणाल्या. मी सासूबाईंना आत्याबाई म्हणते. "बगा, जेवताना बी शिकीवतो."

मी कधीच काही बोलत नसे. माझं माहेर नगरचं. तिथं चौथी झाले, पुढं लग्न झालं. परक्या माणसासमोर माझा आवाज फुटत नाही, घशातच राहतो. लोक त्याला गरीब स्वभाव म्हणतात. आमच्या घरात माझं वजन एवढंच होतं, की माझं अक्षर छापल्यासारखं आहे. मालक पंचायतीचं दप्तर सांभाळत आणि सातवी पास असूनही त्यांचं अक्षर मुंग्यांनी रांग मोडल्यासारखं. त्यामुळे पंचायतीचे अर्ज मीच लिहीत आले. सही त्यांची.

त्यातलाच एक अर्ज त्या वर्षी माझ्या जिवाला लागून राहिला होता. गावानं शाळेच्या दोन खोल्यांसाठी जिल्ह्याच्या बोर्डाचं कर्ज काढलं होतं. मग लागोपाठ पावसानं दगा दिला, पट्टी वसूल होईना, हप्ते थकले. आमची शाळा चौथीपर्यंतच. पाचवीचा वर्ग आणि मास्तर द्यायला बोर्ड तयार होतं, पण म्हणत होतं, आधी थकलेलं भरा. म्हणून गावानं अर्ज केला की कर्ज माफ व्हावं.

माझी मुलगी त्या वर्षी चौथी पास होऊन घरी बसली होती. मुलगे पारनेरला चालत जाऊन पाचवी शिकत. मुलीला कोण धाडणार? आत्याबाईंनी त्यांच्या माहेरकडचं एक स्थळ मनात धरलं होतं आणि माघात लग्न उरकायचं बोलणं सुरू होतं. मुलगी अकरा वर्षांची. गावात पाचवी उघडली तर शाळेत जाईल, नाही तर माघात सासरी. इतकं सरळ होतं ते.

आणि तो अर्ज बोर्डाच्या ज्या कमिटीपुढं होता, त्या कमिटीनं भावजींना विचारलं होतं, की तुम्ही त्या गावात संशोधन करताच आहात, तर माफी द्यावी की नाही यावर तुमचं मत लिहून द्या.

हे कळल्यावर मालक भावजींच्या पुढं पुढं करायला लागले ते बघवेना. आमच्या वाटणीची आठवड्याची साखर भावजींच्या चार वेळच्या चहात जाऊ लागली. मुलगी गुळाचा चहा पिऊन त्यांना पाट मांडायची. मालक रोज विचारत, "मग, आमच्या गावाचं कसं काय?" आणि भावजी रोज म्हणत, "शास्त्राला आपलं-परकं नसतं, दादा."

पंधरा दिवस त्यांनी गावातले पुरुष चावडीवर बोलावून प्रश्न विचारले. पुरुषांनी त्यांना जे हवं ते सांगितलं आणि विड्या ओढून घरी गेले. मग त्यांना बायका आठवल्या. बायकांवर पुरुषांना न कळणारं कर्ज असतं, ते आजवर कुणी शोधलं नाही, असं त्यांच्या डोक्यात आलं. पण बायका त्यांच्यासमोर उभ्या राहीनात. तेव्हा मला माजघराच्या दाराशी बोलावलं.

"वहिनी, संकोच करू नका," ते म्हणाले. मी दाराआड होते आणि संकोचच करत होते. "हे कागद घ्या. चार रकाने पाडलेत. नाव, कोणाचे देणे, काय, किती वर्षांचे. एक लक्षात ठेवा. 'कर्ज' हा शब्द काढायचा नाही. कर्ज म्हटलं की बायका तोंड मिटतात. 'देणं' म्हणायचं. तुझ्यावर कुणाचं देणं आहे, एवढंच विचारायचं आणि सांगतील ते जसंच्या तसं लिहायचं. जमेल ना?"

ही त्यांची हुशारी. 'देणं' हा शब्द त्यांनी स्वतः निवडला, हे इथं नोंदवून ठेवते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या पडवीत शेजारपाजारच्या बायका डाळ निवडायला बसल्या. मी कागद मांडीवर घेतला. विचारायला मला इतकी लाज वाटत होती, की पहिला प्रश्न मी सुपाकडं बघून विचारला.

"तुझ्यावर कुणाचं देणं आहे का गं?"

"कुणाचं? वान्याचं? ते मालकाला ठावं. मला इचारून देतंय व्हय कुनी?"

"तुझं स्वतःचं."

"माजं सोताचं मंजे रोकडोबाचं. ह्या थोरल्याच्या टायमाला बकरं बोलले हुते. पोरगं आता औत धरतंय, बकरं न्हाईच फिटलं."

रोकडोबा आमच्या गावचा देव. ओढ्यापलीकडं लिंबाखाली शेंदूर फासलेला धोंडा आहे. नवसाला रोख पावतो, उधारी ठेवत नाही, म्हणून रोकडोबा. उधारी ठेवायची ती बायकांनीच. बायका अडचणीत सापडल्या की त्याला बकरं नाहीतर कोंबडं बोलतात, आणि अडचण गेली की पुढच्या वर्षी फेडू म्हणतात. आमच्याकडं त्यालाही देणंच म्हणतात आणि फेडणंच म्हणतात. दुसरा शब्दच नाही.

मी लिहिलं: रोकडोबा. एक बकरं. अकरा वर्षे.

मग सगळ्यांना जोर आला.

"माजं कोंबडं लिव. एक."

"दोन बोलली हुतीस, भवाने! मी हुते की तितं."

"तू काय जामीन हायेस व्हय?"

"जामीन न्हाई, पन त्यो वर बसून ऐकतोय."

"ऐकू दे. त्येला म्हनावं, पाऊस पाड आदी, मंग कोंबडी माग."

एक म्हातारी निवडलेली डाळ पदरात धरून उठली. "हे लिवून कुठं जानार गं?"

"मुंबईला," मी म्हटलं.

"मंग माजं ऱ्हाऊ दे. मुंबईवाले वसुलीला आले मंजी?"

आत्याबाई आतून आल्या. "माजी दोन बकरी लिव. एक तुज्या मालकाच्या आजारपनाचं. दुसरं तुज्या बाळंतपनात बोलले हुते, पोरगा झाला तर म्हनून." मग त्यांनी जरा विचार केला. "पोरगी झाली. तवा ते लागू न्हाई. खोड ते."

मी ते खोडलं. माझी मुलगी बाजूला बसून डाळीतले खडे वेचत होती. तिनं मान वर केली नाही.

असं दोन दुपारींत मी बारा-तेरा बायकांचं लिहून घेतलं. सांगतील ते जसंच्या तसं. बहुतेक सगळ्यांच्या दुसऱ्या रकान्यात एकच नाव होतं. रोकडोबा कोण हे त्या कागदावर लिहायला रकाना नव्हता, आणि खरं सांगायचं तर लिहावं असं मला सुचलंही नाही. पाण्याचा तांब्या म्हणजे काय हे कुणी लिहितं का?

कागद वाचून भावजी उठून उभे राहिले. मी चुलीपाशी होते. ते स्वतः दाराशी आले, हे पहिल्यांदाच.

"वहिनी, हा रोकडोबा... गावातच असतो?"

मला वाटलं, परगावचा माणूस, दर्शनाला जायचं असेल. "गावाबाहेर," मी म्हटलं. "ओढ्याकडं."

"बायका त्याच्याकडे जातात?"

"शनिवारी."

"सगळ्या?"

"बहुतेक."

त्यांचा आवाज खाली आला. "पुरुषांना हे माहीत आहे?"

या प्रश्नाचा अर्थच मला कळेना. मी भाकरी तव्यावर टाकली.

"त्याचं खरं नाव काय?"

देवाचं खरं नाव? भाकरी करपत होती ती उलटली. ते म्हणाले, "ठीक आहे. मी समजतो. तुमच्यावर काही येऊ देणार नाही." आणि गेले.

त्या संध्याकाळी ते मालकांना म्हणाले, "दादा, तुमच्या गावात मला एक फार मोठी गोष्ट सापडली आहे. पण आत्ता विचारू नका. बायकांनी विश्वासानं सांगितलंय. सभेतच वाचीन." मालकांचा चेहरा उजळला. त्यांना वाटलं, माफी झालीच.

विलायतेत जाऊन आलेला माणूस. गावाच्या वेशीबाहेर शंभर पावलं चालत गेला असता तर त्याला तो धोंडा दिसला असता. पण भावजी संशोधन पडवीत बसून करत.

आठ दिवसांनी त्यांनी कमिटीसाठी मराठीतून गोषवारा लिहिला. त्यांची मोठी पोथी इंग्रजीत होती, पण कमिटीतले बरेच जण खेड्यापाड्यातले, त्यांना मराठीच हवं. भावजींचं मराठी अक्षर त्यांनाच लागत नव्हतं. म्हणून खाडाखोडीचे ते कागद आणि नवे कोरे कागद माझ्यापुढं आले. "तीन प्रती हव्यात, वहिनी. नगरला मंगळवारी सभा आहे."

पहिली प्रत करायला बसले तेव्हा मुलगी दौत धरून शेजारी बसली होती. सुरुवात दिल्लीपासून होती. दिल्लीनं मागं काही इलाख्यांचं जुनं कर्ज पुसून टाकलं आणि त्यामुळे नेटकेपणानं राहणाऱ्या इलाख्यांवर अन्याय झाला, असं त्यात होतं. मग ते खाली खाली येत आमच्या गावावर आलं. तिथला परिच्छेद मला अजून पाठ आहे, कारण तो मी तीनदा लिहिला:

'या गावातील स्त्रिया पुरुषांच्या नकळत रोकडोबा नावाच्या एकाच धनकोच्या विळख्यात आहेत. हे टोपणनाव दिसते. खरे नाव सांगण्यास त्या भितात. तो गावाबाहेर ओढ्याकाठी राहतो व शनिवारी व्यवहार करतो. परतफेड जनावरांच्या रूपाने घेतो. व्याजाचा दर एकीनेही सांगितला नाही, यावरून तो फारच जबर असला पाहिजे. कर्जे अकरा-अकरा वर्षे थकलेली आहेत. ज्या गावात घराघरांतून कर्ज बुडविण्याची सवय इतकी खोल गेली आहे, त्या गावास माफी देणे म्हणजे त्या सवयीस उत्तेजन देणे होय. सबब माफी देण्यात येऊ नये.'

आधी मला हसू आलं. तोंडावर पदर धरून मी हसले. मुलगी म्हणाली, "काय गं आई?" आणि मग शेवटची ओळ वाचली आणि हसू गेलं.

सबब माफी देण्यात येऊ नये. महिनाभर आमच्या साखरेचा चहा पिऊन, माझ्या मुलीनं मांडलेल्या पाटावर बसून, त्यानं तिची पाचवी एका 'सबब'मध्ये संपवली होती. आणि ती ओळ माझ्याच अक्षरात जायची होती.

सवय म्हणे. मला या घरात येऊन बारा वर्षं झाली होती. कोठीची किल्ली आत्याबाईंच्या कमरेला. रोज सकाळी त्या मापून ज्वारी देत, मापून तेल देत. पाहुणे आले की मला कमी पडायचं, मी शेजारून उसनं आणायची, आणि ते फेडायला दुसऱ्या दिवशीच्या मापातून काढायची, मग दुसऱ्या दिवशी पुन्हा कमी. एका दिवाळीला आत्याबाईंना कळलं आणि त्यांनी माझं सगळं उसनं कोठीतून एकदम फेडून टाकलं. शिव्या दिल्या, पण फेडलं. त्यानं मी उधळी झाले नाही. पहिल्यांदा सगळ्यांना पुरेल अशी भाजी केली, एवढंच झालं. ज्याच्या कमरेला किल्ली असते, त्याला दुसऱ्याच्या सवयी फार दिसतात. दिल्ली काय नि मुंबई काय, माणूस तोच.

पण हे मी भावजींना सांगणार होते थोडीच. मी सांगू शकत होते ते एकच, की रोकडोबा देव आहे. ते सांगावं असं मला वाटलं. खरंच वाटलं. कितीही झालं तरी घरचा पाहुणा, चारचौघांत त्याची फजिती होईल, गावाचीही होईल. मी उठले, हात पुसले आणि पडवीच्या दाराआड जाऊन उभी राहिले. बांगडी वाजली तेव्हा त्यांनी वर न बघताच विचारलं, "काय अडलं?"

मी म्हटलं, "ते... रोकडोबाचं..."

"वहिनी, अर्थ नाही समजला तरी चालेल. अक्षर तेवढं नीट काढा."

मी "बरं" म्हटलं आणि परत आले.

आत येऊन मी शांतपणे विचार केला. आता बाहेर जाऊन मोठ्यानं सांगितलं तर ते काय करतील? रोकडोबाचा परिच्छेद फाडतील आणि 'सबब' तशीच ठेवतील. तिच्यासाठी दुसरं कारण शोधायला त्यांना एक चहा लागला असता. न सांगितलं, तर कमिटीतले लोक ते वाचतील. ते नगर जिल्ह्यातले होते. त्यांच्यापैकी एकाच्याही गावात रोकडोबा नाहीतर त्याचा भाऊबंद नसेल, असं होणार नव्हतं.

मग मी अक्षर नीट काढलं. तिन्ही प्रतींत 'रोकडोबा' हा शब्द असा काढला की तो बाकीच्या मजकुरातून उठून दिसावा. रकार भरदार, ओळ सरळ, कुठं डाग नाही, कुठं शंका नाही. म्हाताऱ्या सभासदालाही चष्म्याशिवाय वाचता यावा असा. मला वाटतं, आयुष्यात मी इतकं सुरेख काही लिहिलं नाही. भावजी प्रती बघून म्हणाले, "वा! छापल्यासारखं!" आणि मुलीला एक पेपरमिटची गोळी दिली.

मंगळवारी ते आणि मालक मोटारीनं नगरला गेले. संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, मालक एकटेच परत आले. भावजी नगरलाच कुणाकडं उतरले होते. मालक ओसरीवर बसले, पाणी मागितलं, प्यायले आणि बराच वेळ पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिले.

"झाली का माफी?" आत्याबाईंनी विचारलं.

"काय सांगू आई. वाचायला लागला तो. रोकडोबापाशी आला. अध्यक्ष म्हणाले, पुन्हा वाचा. त्यानं पुन्हा वाचलं, मोठ्यानं. त्याला वाटलं, त्यांना धक्का बसला."

"मंग?"

"मग एक म्हातारा सभासद म्हणाला, 'हे सावकार आमच्याकडंही आहेत, त्यांची पेढी मोठी आहे.' दुसरा म्हणाला, 'माझंही एक बकरं थकलंय, माझ्यावर जप्ती आणता का?' तिसऱ्यानं विचारलं, 'शनिवारी व्यवहार करतात तर रविवारी बंद असतात का?' आणि मग जे हसायला लागले ते... शिपाईसुद्धा हसत होता. हा विचारतोय, काय झालं, काय झालं. शेवटी अध्यक्षांनी डोळे पुसत सांगितलं."

आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला. त्यांचे खांदे हलत होते. "माजी बकरी बी वाचली का त्येनं?"

"तुझी पण होती त्यात?"

"एकच. दुसरं खोडलं."

"आणि अर्जाचं?" हे मी विचारलं. दाराआडून, पण विचारलं. मालकांनी चमकून बघितलं.

"अर्जाचं काय. त्याचं मत बाजूला ठेवलं त्यांनी. माफी त्यांच्या हातात नाही, मुंबईला लिहावं लागतं. मुंबई म्हणते, लढाईचा खर्च आहे, दिल्लीकडून काय येतंय ते बघू. तोवर हप्ते तहकूब. अध्यक्ष म्हणाले, 'ज्या गावावर देवाचंच एवढं थकलंय, त्यानं आपलं एखादं वर्ष थकवलं तर काय बिघडलं?' पाचवीचा मास्तर जूनपासून येईल."

मालक हे असं सांगत होते जसं घरात कुणी गेलंय. गावाला हवं होतं ते मिळालं होतं आणि त्यांना दुःख होतं ते मामेभावाच्या फजितीचं.

भावजी तिसऱ्या दिवशी सामान न्यायला आले. त्यांना हसणाऱ्या माणसांचा राग नव्हता, स्वतःचा तर नव्हताच. ते मालकांना म्हणाले, "चूक माझीच. चौथी शिकलेल्या बाईवर विसंबलो. माहिती गोळा करणारा माणूस अडाणी असला की शास्त्र काय करणार?"

आणि मालक म्हणाले, "तिच्या वतीनं मी माफी मागतो."

माफी! तीन-तीन सरकारांकडून जी सुटत नव्हती, ती आमच्या ओसरीवर फुकट वाटली जात होती. मग मालकांनी दाराकडं तोंड करून मला विचारलं, "तुला कळलं नाही का गं, लिहिताना?"

कळलं होतं म्हटलं असतं, तर भांडण झालं असतं आणि पुढच्या माघातलं लग्न मला शिक्षा म्हणून पुन्हा पुढं आलं असतं. "नाही," मी म्हटलं. भावजींनी मालकांकडं असं बघितलं, की बघा, मी म्हणालो नव्हतो? त्यांच्या डोळ्यांत मी अडाणी ठरले आणि त्यांना बरं वाटलं. त्यांना एवढं स्वस्तात बरं वाटतं याची मला कीव आली नाही. कीव यायला माणूस जरा आवडावा लागतो.

उरलेले कोरे कागद ते मोजून घेऊन गेले.

जूनमध्ये पाचवी उघडली. नऊ मुलगे आणि एक मुलगी. आत्याबाई म्हणाल्या, एक वर्ष जाऊ दे, स्थळ कुठं पळतंय. पुढच्या वर्षी मुंबईचं उत्तर आलं नाही, म्हणून हप्ते पुन्हा तहकूब झाले आणि त्याच मास्तरांनी सहावी घेतली. त्याच्या पुढच्या वर्षी मुंबईनं विचारलं, की मूळ अर्जाची प्रत पाठवा. मी ती पुन्हा लिहिली आणि अजिबात घाई केली नाही. तहकुबी आणखी एक वर्ष लांबली आणि त्यात सातवीही झाली. आत्याबाईंच्या माहेरकडच्या ज्या मुलाचं बोलणं चाललं होतं त्याचं लग्न दुसरीकडं झालं. आत्याबाईंनी चार दिवस भांडी आपटली आणि सोडून दिलं.

तोवर लढाई संपली होती, निवडणुका होऊन मुंबईत पुन्हा मंत्री आले होते. माझी मुलगी पारनेरला सातवीच्या परीक्षेला बसली आणि पास झाली. त्याच उन्हाळ्यात मुंबईचा कागद आला. माफी नामंजूर. थकलेली रक्कम व्याजासह भरावी.

मालक तो कागद घेऊन डोक्याला हात लावून बसले. गावानं पट्टी बसवली, आरडाओरड झाली, हळूहळू भरणा सुरू झाला. आमच्या वाटणीचे पैसे द्यायला मी माझ्या पाटल्या काढून दिल्या. मालकांना आश्चर्य वाटलं. म्हणाले, "तुला वाईट नाही वाटत?"

मी मुलीचा सातवीचा दाखला ट्रंकेत ठेवत होते. ती मास्तरणीच्या ट्रेनिंग कॉलेजचा अर्ज लिहीत बसली होती. तिचं अक्षर माझ्याइतकं चांगलं नाही, पण खाली सही तिची तीच करत होती.

"नाही," मी म्हटलं. या वेळी ते खरं होतं.